कुलूप लावलेल्या घरातले जाते

देवासला मला लोक उंदीरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर भागीरथीबाईच, पण मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर निरोप जाई, "उंदीरबाई आली ग, आवरा आवरा." मला त्याचे वाईट वाटत नसे. माझे काम तेच होते.

ती प्लेगची वर्षे. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. प्लेग आधी उंदरांत येतो, मग माणसांत. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे आणि गावाबाहेर माळावर बांधलेल्या झोपड्यांत किंवा परगावी नातलगांकडे जायचे, असा हुकूम होता. पण भरले घर सोडून जायला कोण राजी असते? लोक मेलेले उंदीर लपवीत. आजारी माणूसही लपवीत, कारण प्लेगच्या दवाखान्यात नेलेले माणूस परत येत नाही असे सगळ्यांना वाटे. शिपायांना माजघरापलीकडे जाता येत नसे. म्हणून घराच्या आतपर्यंत जाऊ शकेल आणि माणसांची नावे वहीत लिहू शकेल अशी बाई हवी होती. मी धारची. तिथे मुलींच्या शाळेत माझ्या चार इयत्ता झाल्या होत्या. लग्न कन्नौदला झाले आणि विसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले. चार इयत्ता आणि पांढरे कपाळ, एवढ्यावर मला हे काम मिळाले. दवाखान्यात आधी दंडाला टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी हातात वही आली.

सकाळी वही, गेरूची वाटी आणि एक लांब काठी घेऊन निघायचे. कणग्यांच्या मागे, माळ्यावर, चुलीच्या कोपऱ्यात काठी घालून पाहायचे. मग घरातल्या बायकांच्या काखेत नि जांघेत गाठ आली आहे का ते चाचपायचे. हे सगळ्यात अवघड. मी मुळातच बुजरी. आम्ही दोघी भिंतीकडे बघत उभ्या राहत असू आणि माझी बोटे तेवढी काम करीत. घर रिकामे झाले की कुलूप ओढून पाहायचे, दारावर गेरूची फुली मारायची आणि किती माणसे गेली ते वहीत लिहायचे. आठव्या दिवशी मजूर येऊन कौले उतरवीत, म्हणजे घरात ऊन पडे. तोवर रोज एकदा त्या गल्लीतून माझी फेरी असे. कारण लोक चोरून परत येत. कोणाचे लोणचे राहिलेले, कोणाची मांजर.

बरोबर भेरूभिया असे. दरबारचा शिपाई, पन्नाशी उलटलेला, मिशा जाड आणि पाय बारीक. चुन्याची बादली आणि कुलपे ठोकायची हातोडी त्याच्याकडे. तो माळवी बोले, मी मराठी. आमचे कधी अडले नाही.

एका आजींचे घर आठवते. मेलेला उंदीर टोपलीखाली झाकून आजी टोपलीला टेकून वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"आजी, जरा उठता का?"

"माझे गुडघे धरलेत ग बाई."

"मग टोपली तेवढी सरकवते."

"हात लावू नकोस! टोपलीत देव आहेत माझे."

उंबऱ्याबाहेरून भेरूभिया म्हणाला, "माजी, थांका देव के पूंछड़ी हे कंई?"

टोपलीखालून शेपटी बाहेर आली होती. आजींनी शेपटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मेल्याला मरायला माझंच घर सापडलं." मग त्यांना हसू आले आणि हसता हसता रडू आले. संध्याकाळच्या आत त्या झोपडीत राहायला गेल्या आणि त्या वर्षी वाचल्या.

असे हसण्यासारखे दिवस थोडे. बाकीचे सारे रिकाम्या गल्ल्यांतून चालण्यात गेले. गावात माणूस नसले की दुपार फार लांबते. आपल्याच पावलांचा आवाज समोरच्या भिंतीवरून येतो आणि कोणी तरी समोरून चालत येत आहे असे वाटते. एका घराच्या ओट्यावर घाईत विसरलेले लुगडे दांडीवर राहिले होते. वारा नसतानाही मी गेले की ते माझ्याकडे वळे. बंद घरांच्या आढ्यांवरून उंदीर खाली पडत, टप् असा ओला आवाज येई, आणि मग पुन्हा काही नाही.

माझ्या आधी या कामावर राधाबाई म्हणून होती. चांगली धीट, माझ्यासारखी नव्हे. एके दिवशी भर दुपारी ती गल्लीत मधोमध बसली आणि म्हणू लागली की त्या अमक्या घरातून पोरे मला हाका मारताहेत, मला आत सोडा. घर तर केव्हाचे रिकामे होते. तिला उचलून घरी नेले. तिचे काम गेले, आणि पुढे तिच्या माणसांनी तिला कुठल्या कुठल्या मांत्रिकांकडे फिरवले. मला वही देताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "भागीरथी, तुला काही दिसू-ऐकू लागलं तर मला सांगायचं. मी तुला घरी पाठवीन."

घरी म्हणजे कन्नौदला, दिरांकडे. तिथे मला कोणी मारीत नव्हते, उपाशी ठेवीत नव्हते. फक्त माझे नाव कोणी घेत नसे. "ए, पाणी आण." "ए, उठ तिथून." चार वर्षे मी ए होते. देवासला आल्यावर पहिल्यांदा शिपायाने दारातून "भागीरथीबाई" अशी हाक मारली, तेव्हा मी मागे वळून पाहिले होते की ही कोण. म्हणून पुढे मला काही दिसले, ऐकू आले तरी मी ते डॉक्टरीणबाईंना सांगणार नव्हते, हे मी पहिल्या दिवशीच ठरवले.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या ख्रिस्ती. बोलायला तुसड्या, पण मायाळू. सगळ्या तपासणाऱ्या बायकांना त्यांनी एक उपाय सांगून ठेवला होता. "भीती वाटली की पळायचं नाही. उभं राहायचं, लोट्यातलं पाणी प्यायचं, आणि समोर जे जे दिसतं त्याचं मोठ्यानं नाव घ्यायचं. दार, भिंत, झाड. जे दिसत नाही त्याचं नाव घ्यायचं नाही. मन ताळ्यावर येतं."

खरेच येत असे. त्या उपायाच्या जोरावर मी चार-पाच महिने काढले. पहिल्या पहिल्यांदा लाज वाटे, मग सवय झाली. लोट्यातले पाणी, दोन घोट, "खांब. कोनाडा. कडुनिंब." छातीतली धडधड उतरे आणि पाय पुढे पडत. पुढे मी ते इतके सरावले की भीती वाटण्याआधीच नावे घेऊ लागले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

टेकडीच्या पायथ्याच्या बाजूला एक अरुंद गल्ली होती. देवासला राजे दोन आणि गाव एक, त्यामुळे गल्लीची उजवी बाजू एका पातीची, म्हणजे एका राजाच्या वाट्याची, आणि डावी दुसऱ्या पातीची. डावी माझ्याकडे. उजवी बाजू आधीच रिकामी झाली होती. डाव्या बाजूचे शेवटचे घर दामूअण्णांचे. दामूअण्णा दरबारात कारकून. घरात ते, त्यांची बायको, लहान मुलगा, म्हातारी आई आणि धाकट्या भावाची बायको सगुणा, अशी पाच माणसे वहीत होती. धाकटा भाऊ नोकरीला धारला. सगुणा नुकतीच नांदायला आलेली, सोळा-सतरा वर्षांची.

त्यांच्या घरात उंदीर पडले आणि त्यांनी स्वतः होऊन कळवले. आम्ही खातेगांवला मामांकडे जातो म्हणाले. मला बरे वाटले. कोणी असे शहाण्यासारखे वागले की आमचे काम हलके होई. मी पोचले तेव्हा छपराची बैलगाडी दाराशी उभी होती, मागेपुढे पडदे सोडलेले, आणि दामूअण्णा दाराला कुलूप लावीत होते.

"सगळी बसली का?"

"बसली. पाच."

मी पडद्याकडे हात नेला. दामूअण्णा मधे आले. "बाई, आई सोवळ्यात आहे. खातेगांवला पोचेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही. पडद्याला हात लावू नका, तिला पुन्हा आंघोळ लागेल."

पडद्याला फट होती. त्यातून मुलगा दिसला, त्याच्या आईचा हात दिसला, आणि मागे अंधारात पदर ओढून बसलेल्या दोघी दिसल्या. एक जरा ठेंगणी, एक उंच. मी "सगुणाबाई" अशी हाक मारली असती तर पुरे होते. तोंडाशी आली होती. पण गाडीवान बघत होता, दामूअण्णा बघत होते, आणि परक्या घरच्या सुनेला रस्त्यावर नावाने हाक कशी मारायची, असे वाटून मी गप्प बसले. वहीत लिहिले, "पाच गेले." दारावर फुली मारली. गाडी वळली तेव्हा त्या दोघी एकदमच एका बाजूला कलल्या आणि पुन्हा एकदमच सरळ झाल्या. ते मी पाहिले होते. गाडी खड्ड्यातून गेली असेल, असे म्हणून सोडून दिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गल्लीत शिरले तेव्हा जात्याचा आवाज आला.

ज्या बाईने आयुष्यभर जाते ओढले तिला त्याचा आवाज आईच्या आवाजासारखा ओळखू येतो. दाणे असलेले जाते घरघरते, त्या आवाजाला पोट असते. हा तसा नव्हता. हा कोरडा, दगडाने दगड खाण्याचा. म्हणजे जाते रिकामे फिरत होते. आणि रिकामे जाते कोणी फिरवीत नाही. लहानपणी खेळता खेळता खुंट्याला हात लावला तर आई हातावर चापट मारून सांगे, रिकामे जाते फिरवले तर घरातले माणूस जाते. माझ्या ओळखीची एकही बाई नव्हती जी ते करील, मग ती मराठ्यांची असो, ब्राह्मणांची असो की माळव्यातली. घराला कुलूप होते, पाच माणसे गेली असे माझ्याच हाताने लिहिलेले होते. तेव्हा हे फिरवणारे बाईमाणूस नव्हे. किंवा मग जाते नव्हतेच, माझे कान होते.

मी उभी राहिले. दोन घोट पाणी प्यायले आणि दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "दार. कुलूप. फुली. तोरण."

जाते जोरात फिरू लागले.

मी पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्याने. जाते आणखी जोरात. मी वहीत फेरीची खूण केली आणि चालू लागले. पळाले नाही. गल्लीच्या तोंडाशी भेरूभिया चिलीम भरीत बसला होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. तो चिलमीकडे पाहत राहिला.

"काही नाही ना?" मी विचारले.

"कंई नी, बाई," तो वर उन्हाकडे बघत म्हणाला. "चालो, तड़को घणो हे."

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मी नावे घेतली की आवाज वाढे, थांबले की जरा उतरे. माझे ऐकून घेऊन कोणी तरी मला उत्तर देत आहे, असे वाटून मी दारापासून दोन पावले मागे सरले. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "ठीक आहेस ना भागीरथी? तोंड उतरलंय."

"ऊन लागलं," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी आवाज मंद होता. फेरा संपता संपता थांबे, मग पुन्हा एक ओढ. मी नेहमीप्रमाणे दारासमोर उभी राहून नावे घेतली. आपल्या मनावर आपला किती ताबा आला आहे, याचा त्या दिवशी मला चक्क अभिमान वाटला. राधाबाईसारखी मी रस्त्यात बसले नाही. ऐकू येत असताना न ऐकल्यासारखे करणे मला जमले होते.

सहाव्या दिवशी गल्लीत काही आवाज नव्हता.

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण तीन दिवस जी भीती वाटली तिच्या दसपट त्या शांततेची वाटली. मी सवयीने बोलू लागले. "दार. कुलूप. फुली. तोरण सुकलेले. ओटा. मोरीचे तोंड. मोरी ओली."

माझी जीभ तिथेच थांबली.

सहा दिवस बंद असलेल्या घराच्या मोरीचे तोंड ओले होते. भिंतीच्या पायाशी पाण्याची बारीक धार वाळूत जिरत होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. उपाय सांगतो की दिसते त्याचे नाव घे. मी घेतले होते. आता ते परत गिळता येत नव्हते.

"भेरूभिया, कुलूप तोडा."

तो आला, मोरीकडे पाहून मागे सरकला. "ताळो तोड़वा को हुकम नी हे, बाई. दामूअण्णा शिकायत करेगा."

"तोडा म्हणते ना!"

माझा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला ठाऊक नव्हते. त्यालाही नव्हते. त्याने हातोडी मारली.

आत पहिल्यांदा वास आला. माजघरात अंधार. डोळे सरावले तेव्हा दिसले की कोपऱ्यात जात्याशी सगुणा बसली आहे, एक पाय पसरून, हात खुंट्यावर. जात्याभोवती पिठासारखे राखाडी काही तरी पसरले होते. ते दगडाचे पीठ होते. तळीला तळी घासून निघालेले. ते तिच्या भुवयांवर, पापण्यांवर, लुगड्यावर बसले होते आणि ती स्वतः दगडाची असल्यासारखी दिसत होती. तळहाताची साल गेलेली.

तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंडावर बोट ठेवले.

"हळू," ती म्हणाली. "सासूबाईंचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

मागे बाजेवर पांघरुणाखाली म्हातारी होती. पांघरूण नीट चापून बसवलेले, केस विंचरलेले, कपाळ धुतलेले. तिला जाऊन दीड-दोन दिवस झाले असावेत. मोरीतले पाणी तिच्या आंघोळीचे होते. भिंतीआतल्या परसातल्या आडावरून एकटीने कळशा आणून सगुणेने त्या सकाळी तिला न्हाऊ घातले होते.

झाले होते ते असे, पुढे झोपडीत तिनेच थोडे थोडे सांगितलेले. घर सोडायच्या आदल्या दिवशी म्हातारीला ताप भरला आणि जांघेत गाठ आली. कळले असते तर तिला दवाखान्यात नेले असते आणि बाकीच्यांना दहा दिवस वेगळे ठेवले असते. दामूअण्णांनी ठरवले की आईला घरात ठेवायचे, सगुणेला तिच्यापाशी ठेवायचे आणि बाहेरून कुलूप लावायचे. दोन गाठोड्यांना लुगडी नेसवून त्यांनी ती गाडीत बसवली होती. "आठ दिवसांत येतो. चूल पेटवू नकोस, धूर दिसेल. आणि काही झालं तरी तोंडातून आवाज काढू नकोस." फराळाचे थोडे ठेवले होते. धान्य सगळे गाडीतून नेले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी वातात बरळू लागली. "जात्याचा आवाज येत नाही ग. घर बंद पडलं का? दळायला बस की, दळायला बस." ओरडू लागली. बाहेर ऐकू जाईल म्हणून सगुणा जात्यावर बसली. दाणा नव्हता. तिलाही तिच्या आईने लहानपणी चापट मारलेलीच होती. तरी तिने खुंटा धरला. जाते फिरले की म्हातारी गप्प होई. आणि तोंडातून आवाज काढू नको असे तिला सांगितले होते, जात्यातून काढू नको असे कोणी सांगितले नव्हते.

त्या दिवशी दवाखान्याकडे परत येताना भेरूभिया माझ्यामागून चालत होता. तो एकदम म्हणाला, "बाई, म्हने भी सुणी थी. तीन दन."

मी थांबले. "मग बोलला का नाहीत?"

"थें कंई नी बोल्या. तो म्हें समज्यो म्हारा ज कान बाजे हे." मग जरा वेळाने, "लोग केता के भेरू डरी ग्यो."

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना सगळे सांगितले. पडद्याला हात लावला नाही तेही, आणि तीन दिवस ऐकत होते तेही. वहीतल्या "पाच गेले" वर आडवी रेघ मारून "तीन गेले, दोन ठेवले" असे लिहिले आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. कन्नौदला जायची मी तयारी करूनच बसले होते. त्यांनी ती ओळ बोटाने पुन्हा वाचली.

"म्हातारी वाचली नसती," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी आत गेली असतीस तरी."

"आणि ती मुलगी?"

त्यांनी वही मिटून मला परत दिली. "उद्या सकाळी वेळेवर ये."

सगुणेला माळावरच्या वेगळ्या झोपडीत ठेवले. ताप आला नाही. पण ती जेवेना, झोपेना, कोणाशी बोलेना. उजवा हात जमिनीवर गोल गोल फिरवीत बसे. हाताला फडकी बांधली तरी हात फिरतच राही. झोपडीतल्या पाचव्या दिवशी मी भेरूभियाला म्हटले, मला एक जाते हवे. त्याने कुठे मागायचे विचारले नाही. आपल्या बायकोचे लहान जाते डोक्यावर घेऊन माळापर्यंत आला आणि झोपडीत ठेवून, बायकोच्या शिव्या खाऊन आल्याच्या तोंडाने म्हणाला, "म्हारी वाळी गाळ दे री हे. जल्दी पाछो दीजो, बाई."

मी गव्हाची ओंजळ आणली होती. तिच्यासमोर बसले. दोघींनी एकच खुंटा धरला, तिच्या फडक्यावर माझा हात. एक फेरा कोरडा गेला तेव्हा ती थरथरली. मग मी दाणे टाकले. आवाज बदलला. तिने जात्याकडे पाहिले, जणू ते कोणी दुसरे बोलले. थोडे पीठ पडल्यावर ती म्हणाली,

"बाई, तुम्ही रोज दारात येत होता का?"

"हो."

"दार, कुलूप, फुली, तोरण, असं म्हणत होता?"

"हो. मीच ती."

ती फेरा चुकली नाही. "मला वाटलं मरीआई दाराशी आली आहे. घरातली एकेक वस्तू मोजतेय, मग आम्हाला मोजील. तुमचा आवाज आला की मी जातं जोरात फिरवायची. म्हणजे ऐकू येणार नाही."

मी दाणे टाकत राहिले. तीन दिवस आम्ही दोघी एका दाराच्या दोन बाजूंना उभ्या होतो. मी माझी भीती घालवायला बोलत होते आणि माझ्या बोलण्याने ती भीत होती. ती तिची भीती घालवायला जाते ओढत होती आणि त्या जात्याने मी. दोघींपैकी एकीने "कोण आहे?" एवढे विचारले असते तर झाले असते. तिला बोलायची बंदी होती. मला नव्हती.

पुढे तिचा नवरा धारहून आला. भाऊ तिला कोंडून खातेगांवला गेल्याची बातमी त्याला वाटेतच कळली होती, आणि तो भावाकडे न जाता सरळ माळावर आला. तिला तो धारला घेऊन गेला. नंतर मीही धारला स्त्रियांच्या दवाखान्यात आले तेव्हा ती भेटत असे, दोन मुलांची आई झाली होती. आम्ही त्या दिवसांबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. तिच्या घरी दळण बाहेरून येई. घरात जाते नव्हते.

डॉक्टरीणबाईंचा उपाय मी टाकला नाही. वाईट दिवसांत मनाला धरायला काही तरी लागतेच, आणि तो उपाय खोटा नव्हता. मी फक्त त्यात थोडे घातले. बंद दारासमोर उभी राहिले की पाणी प्यायचे, दिसेल त्याचे नाव घ्यायचे, आणि शेवटी म्हणायचे, "मी भागीरथी. माणूस आहे. आत कोणी असेल तर ओ द्या." मग शंभर मोजेपर्यंत थांबायचे. प्लेगच्या उरलेल्या वर्षांत, आणि पुढे मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत धारला, मी प्रत्येक बंद दाराशी हे केले. बरोबरच्या बायका हसत. रिकाम्या घरांना मी नाव सांगते हे ऐकून, मी देवासला असेपर्यंत भेरूभिया रोज म्हणे, "बाई, खाली घर ने रोज नाम बतावो हो. कोई याद राखी लेगा." तो थट्टेने म्हणे, पण म्हणताना आजूबाजूला बघून घेई.

आतून ओ मला एकदाही आली नाही. तरी शंभर मोजल्याशिवाय मी कुठल्या दारावरून पुढे गेले नाही.

आता काम सुटून बरीच वर्षे झाली. धारला एका खोलीत एकटी असते. दुपारी दार लावून पडते. बाहेर गल्लीत कोणाची तरी पावले येतात, जातात. कधी कधी ती माझ्या दारासमोर थांबतात आणि काही हाक येत नाही. कोणी असते, कोणी नसते, मी उठून बघत नाही. पण पावले थांबली की त्या बाजूच्याला भीती वाटू नये म्हणून, कोणी विचारायच्या आधीच, मी आतून ओ देते.